रंगाखालचा कोळी

दिवाळी आली की प्रत्येकाला काहीतरी आठवते. कुणाला आईच्या हातच्या चकल्या आठवतात, कुणाला पहाटेचा काळोख आणि उटण्याचा वास. मला मात्र एका मालमोटारीचा मडगार्ड आठवतो. वाचक म्हणतील, हे काय भलतेच! पण आहे ते असे आहे. त्या मडगार्डावर वीतभर लांबीरुंदीचा एक चौकोन होता, मधोमध तिरकी रेघ मारून अर्धा तांबडा आणि अर्धा हिरवा केलेला. तो वाचायला मला पंचवीस वर्षे लागली; आणि वाचता येण्याच्या आधीच मी त्याच्यावरून एका भल्या माणसाला चारचौघांत खोटे पाडून बसलो होतो.

माझे लहानपण गोंदियाला गेले. भाताच्या गिरण्या, विड्यांचे कारखाने आणि आगगाडीचे मोठे जंक्शन ही त्या गावाची ओळख. मोठ्या लाइनीवरून मुंबई-कलकत्ता मेल धडधडत जाई, आणि शेजारून जबलपूरकडे जाणारी छोटी गाडी खेळण्यातल्यासारखी लुटुलुटु निघे. आमचा भंडारा जिल्हा आधी मध्यप्रांतात होता, १९५० साली तो मध्य प्रदेशात गेला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुढे १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतःच जिल्ह्याचे गाव झाले. वडील म्हणत, "बसल्या जागी राज्ये बदलली, पण किराणावाल्याची उधारी कोणत्याच राज्यात माफ झाली नाही."

वडील एका राइस मिलमध्ये दिवाणजी होते. मिलच्या आवारातच आम्हांला दोन खोल्या होत्या. दारासमोर कोंड्याचा डोंगर, त्याच्या पलीकडे भात उकडण्याच्या टाक्या, आणि टाक्यांच्या बाजूला पिंपळाखाली उभी राही ती शेठजींची मोटार. शेठजींनी ती १९४७ साली लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतली होती. हा 'डिस्पोजल' शब्द त्या काळी घरोघरी होता. १९४५ साली लढाई संपली आणि सरकारजवळ मोटारी, तंबू, कांबळी, बूट, कंदील यांचे ढीग उरले. ते लिलावात निघाले. आमच्या घरातले कांबळे डिस्पोजलचे, दुधाचा डबा डिस्पोजलचा, एवढेच काय, पण वडील पावसाळ्यात जो रेनकोट घालीत तोही डिस्पोजलचाच. त्यात दोन वडील मावले असते. मोटारीला तर आम्ही दुसरे नावच ठेवले नव्हते. "डिस्पोजल आली का?" "डिस्पोजल आमगावला गेली आहे," असेच सारे बोलत.

दिसायला ती मोठी विचित्र होती. नाक चपटे, आखूड. चाके माणसाच्या छातीला लागतील एवढी. आणि पुढची काच वरून पुढे झुकलेली, जणू एखाद्या मास्तराने चष्म्यावरून खाली पाहावे. ती काच तशी का, हे मला फार पुढे कळले. उन्हात काच चकाकली तर वरून जाणाऱ्या विमानाला गाडी दिसते, म्हणून ती तशी कलती बसवीत. आत एक पितळी पट्टी होती. तिच्यावरची इंग्रजी अक्षरे वडिलांनी मला वाचून दाखवली होती: ओशावा, ओंटारिओ. म्हणजे गाडी कॅनडातली. त्या देशाने लढाईच्या काळात आठ लाखांवर लष्करी वाहने बनवली. शेवरलेच्या गाड्या ओशावा गावच्या कारखान्यात होत, फोर्डच्या विंडसरला. त्यांतली एक समुद्र ओलांडून आमच्या पिंपळाखाली येऊन उभी राहिली होती आणि तिरोडा, आमगाव, अर्जुनीचे धान वाहत होती.

शेठजींनी तिला निळा रंग दिला होता. पण मूळचा मातकट हिरवा कुठे कुठे डोकावे. बॉनेटच्या बाजूला, निळ्याच्या खालून, एक 'एल' आणि त्यापुढे आकड्यांची रांग पुसट दिसे. तिच्याजवळच कोंबडीच्या पायासारखी तीन बोटांची खूण होती. समोर एक पिवळा वाटोळा ठिपका होता, आतला आकडा रंगात बुडालेला. आम्ही मुलांनी या सगळ्याचे अर्थ केव्हाच लावून टाकले होते. 'एल' म्हणजे लंडन. कोंबडीचा पाय म्हणजे ही गाडी साहेबाच्या खान्यासाठी कोंबड्या वाहत असे. आणि पिवळा ठिपका म्हणजे शर्यतीतला नंबर. आमच्यात या बाबतीत मतभेद म्हणून नव्हता.

ही गाडी चालवीत हवालदारमामा. ते खरोखर हवालदार होते की नाही हे मला ठाऊक नाही. मिलमधले हमाल त्यांना हवालदार म्हणत आणि आम्ही मुले मामा. आमगावच्या बाजूच्या एका खेड्यातले ते. लढाईत चार वर्षे लष्कराची मोटार हाकून १९४६ साली घरी आले, आणि शेठजींनी गाडी घेतली तेव्हा ती हाताळणारा दुसरा माणूस गावात नसल्यामुळे तिच्याबरोबर तेही मिलमध्ये आले. उंच, काळेसावळे, बोलणे हळू. सकाळी हँडल मारण्यापूर्वी ते बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभे राहत. आम्हांला वाटे, इंजिन गरम आहे का ते पाहतात.

एका बाबतीत मात्र ते आम्हांला चक्रम वाटत. जंगलातल्या वाटेवर लाकडी मोरी लागली की ते गाडी थांबवीत, खाली उतरत, मोरीखाली वाकून पाहत आणि म्हणत, "हा पाचाचा हाय. भरली गाडी नाई पेलायची." मग अर्धी पोती उतरवून, गाडी पार नेऊन, पोती पुन्हा चढवायची. क्लीनर कुरकुरे. 'पाचाचा पूल' म्हणजे काय, हे त्याला कळत नसे आणि आम्हांलाही नाही.

सुटीच्या दिवशी दुपारी मामा पिंपळाखाली विडी ओढीत बसत आणि आम्ही भोवती गोळा होऊन ब्रह्मदेशच्या लढाईच्या गोष्टी काढायला लावीत असू. ते सांगत, "आम्ही दोहाझारीपासून माल न्यायचो. आगगाडी तिथंच संपते. मंग चिरिंग्यापर्यंत आमची मोटार. पुढं मोटारीचा रस्ताच नाई. पुढं आफ्रिकेची पलटण. ते गडी एवढाली ओझी डोक्यावर घेऊन डोंगर चढायचे, आपल्या बाया पाण्याची घागर नेतात ना, तसे. हातानं रस्ता खोदला त्याईनं. आन् त्याईच्या गाड्याईवर कोळी काढलेला राहे."

"कोळी? मासे धरणारा?"

"नाई रे पोट्ट्या! जाळ्यातला. काळा कोळी, पिवळ्या रंगावर. खाली डोकं, वर पाय."

हे ऐकून आम्ही वेडे झालो. गाडीवर कोळी! ज्याला आई झाडूने मारते तो! आणि मग साहजिकच कुणीतरी विचारले, "मामा, आपल्या डिस्पोजलवर पण आहे का?"

मामांनी गाडीकडे पाहिले. विडीचा झुरका घेतला. म्हणाले, "राहीन ना बाप्पा. रंगाखाली."

आता मी या प्रसंगाचा विचार करतो तेव्हा मला कळते, की ते वाक्य एका थकल्या माणसाने लहान मुलांना दिलेला खाऊ होता. आमच्या घरी पाहुणे नसत का सांगत, की चांदोबावर ससा आहे म्हणून? पण मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. शाळेत पहिला येत होतो. अशा मुलाइतका निर्दय न्यायाधीश जगात दुसरा नसतो.

ती १९६१ सालची दिवाळी. पाडव्याला दुपारी जेवणे होऊन वडीलधारी माणसे घोरत पडली होती. मी आणि शेजारची दोन मुले आईचे उलथणे घेऊन डिस्पोजलपाशी गेलो. ड्रायव्हरच्या बाजूचा मडगार्ड सोयीचा, म्हणून तो धरला. निळा रंग खरवडला, त्याखाली आणखी एक निळा निघाला, त्याखाली मातकट हिरवा, आणि मग एकदम तांबडे काहीतरी दिसले. आमचा श्वास थांबला. तासभर खपून आम्ही सगळा चौकोन मोकळा केला. तांबडा आणि हिरवा. वर पांढऱ्या रंगातला आकडा, तोही आमच्या उलथण्याने अर्धा उडवलेला. कोळी नाही. कोळ्याचा एक पायसुद्धा नाही.

माझी मोठी निराशा झाली. आणि निराशेचा राग मी मामांवर काढला. रात्रभर मी त्यांच्याविरुद्ध खटला तयार केला. एक, गाडीवर कोळी नाही. दोन, लढाई इंग्रज आणि जपानी यांची, त्यात आफ्रिकेचे लोक आले कोठून? आणि तीन, जो मुद्दा मला सगळ्यांत भारी वाटला: दोहाझारी! आम्हांला शाळेत शिवाजीमहाराजांची आग्र्याची हकिगत नुकतीच झाली होती. पंचहजारी, दोहजारी हे बादशहाच्या दरबारातले मनसबदार. ते कधी रेल्वेचे स्टेशन असते काय? मामांनी ते नाव कुठल्या तरी कीर्तनात ऐकून ठोकून दिले, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आमच्या झाडीपट्टीत त्या दिवसापासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. तिकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. ती दिवाळीनंतरची जत्रा. दुकाने, पाळणे, माहेरी आलेल्या लेकी, आणि रात्री दंडार. शेठजी दर वर्षी मिलच्या सगळ्या बायकापोरांना डिस्पोजलमधून एका मंडईला पाठवीत. गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून तयार होती. बायका चढत होत्या. मामांची मुलगी, आम्ही तिला ताई म्हणत असू, नवे लुगडे नेसून पुढे उभी होती. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तेवढ्यात शेठजींचे लक्ष मडगार्डाकडे गेले आणि ते ओरडले, "हे कुणी केलं?"

मी पुढे झालो. भिऊन गप्प बसण्याऐवजी मी माझा खटला मांडला. शेठजी, वडील, हमाल, बायका, साऱ्यांसमोर सांगितले, की मामा थापा मारतात. कोळी नाही, आफ्रिका नाही, दोहाझारी नावाचे स्टेशनही नाही. ते कधी लढाईवर गेलेच नसतील.

कुणीतरी हसले. हमालांपैकी एक जण म्हणाला, "काऊन हवालदार, पोट्ट्यानं धरलं ना!" मग आणखी काही जण हसले.

मामा माझ्याकडे आले नाहीत. ते मडगार्डापाशी गेले. त्या तांबड्या-हिरव्या चौकोनाकडे पाहत उभे राहिले. मग तळहात त्याच्यावर ठेवला आणि तसाच ठेवून म्हणाले, "नाई भेटला ना कोळी? मंग नसन."

एवढेच. वडिलांनी मला तिथेच दोन लगावल्या, त्या रंग खरवडल्याबद्दल. मंडईला गाडी गेली. एरवी मामा गाडी हाकताना गुणगुणत. त्या दिवशी गप्प होते. त्यानंतर त्यांनी ब्रह्मदेशाची गोष्ट कधी सांगितली नाही. कुणी विचारले तर म्हणत, "ते जाऊ द्या."

पुढच्या महिन्यात शेठजींनी गाडी नव्याने रंगवून घेतली. सारी गाडी निळी लखलखीत झाली; पण तो चौकोन रंगाऱ्याने तसाच सोडला होता. भोवती निळी चौकट, आणि मध्ये तो तांबडा-हिरवा, अर्ध्या उडालेल्या आकड्यासकट. मला वाटले, ही माझी शिक्षा. मी केलेला उपद्व्याप साऱ्या गावाने पाहावा म्हणून तो ठेवला. शाळेत जाता-येता गाडी समोर आली की मी मान फिरवीत असे.

वर्षे गेली. मी शिकायला नागपूरला गेलो, तेथून बँकेच्या नोकरीला मुंबईला. डिस्पोजलला आधी डिझेल इंजिन बसले, आणि मग एक दिवस ती विटांवर चढली. १९७९ साली वडिलांचे कार्ड आले: हवालदार गेले. मला रजा मिळाली नाही, असे मी घरी कळवले. खरे म्हणजे मी मागितलीच नव्हती.

आणि मग १९८६ साली, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक फाटके इंग्रजी पुस्तक दिसले. हॉवर्ड कोल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचे, 'हेराल्ड्री इन वॉर'. लढाई संपल्यावर लगेच १९४६ साली निघालेले. त्यात फौजेच्या निरनिराळ्या डिव्हिजनांची चित्रचिन्हे होती. मी पाने चाळू लागलो आणि मला एक सर्कसच भेटली. सतराव्या हिंदी डिव्हिजनचे काळे मांजर. तेविसाव्याचा झुंजीचा कोंबडा. चौथ्याचा तांबडा गरुड, सव्विसाव्याचा वाघ, पाचव्याचा नुसता लाल गोळा, सातव्याचा सोनेरी बाण. पूर्व आफ्रिकेच्या अकराव्या डिव्हिजनचा गेंडा. आणि पान उलटले तो, एक्याऐंशीवी पश्चिम आफ्रिका डिव्हिजन: पिवळ्या जमिनीवर काळा कोळी!

मी फुटपाथवर उभा होतो. पायांतली शक्ती गेल्यासारखे झाले. पुस्तकवाला म्हणाला, "साहेब, घ्यायचं तर घ्या, नाहीतर ठेवा." मी तो सांगेल त्या किमतीला पुस्तक घेतले.

त्या कोळ्याचे नाव अनान्से. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती लोकांच्या गोष्टींत तो असतो. अंगाने लहान, पण युक्तीने मोठमोठ्यांना हरवणारा. आणि तो खाली डोके करूनच काढायचा. शिपायाने दंडावर तो लावला आणि बंदूक रोखायला हात उचलला, की कोळी पुढे, शत्रूकडे, चालू लागतो. 'खाली डोकं, वर पाय' असे मामांनी म्हटले होते.

नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गँबिया इथली ही माणसे १९४३ साली हिंदुस्थानात उतरली. चिरिंग्यापासून कलादान नदीच्या खोऱ्यापर्यंत त्यांनी डोंगरातून सुमारे ७५ मैलांचा जीपचा रस्ता हाताने खोदून काढला, आणि पुढे ओझी डोक्यावर वाहिली. आणि दोहाझारी? जुन्या रेल्वेच्या नकाशात चितगावच्या दक्षिणेला ती लाइन जिथे संपते तिथे ते नाव स्वच्छ छापलेले होते. आज ते बांगलादेशात आहे. २०२३ साली ती लाइन पुढे कॉक्स बझारपर्यंत नेली, तोवर आगगाडी खरोखरच तिथे संपत होती. माझ्या खटल्यातले तीनपैकी दोन मुद्दे असे मातीत गेले.

राहिला चौकोन. तो त्या पुस्तकात नव्हता. तो मला उलगडून दिला आमच्या शाखेत पेन्शनसाठी येणाऱ्या एका म्हाताऱ्या सुभेदारांनी. मी धीर करून विचारले, तर त्यांनी पैसे काढायच्या स्लिपेच्या पाठीवर सगळे काढूनच दाखवले. लढाईतल्या गाडीवर दोन मुख्य खुणा असत. एका बाजूला डिव्हिजनचे चित्र, म्हणजे हे घराणे कोणते. दुसऱ्या बाजूला रंगीत चौकोन, म्हणजे घरातला हा माणूस कोणत्या कामाचा. तोफखान्याचा तांबडा आणि निळा, इंजिनियरांचा नुसता निळा. वरचा आकडाही पलटणीचा खरा नंबर नसे. तो गुप्त क्रमांक, आपल्यांना कळावा आणि शत्रूला कळू नये म्हणून दिलेला. 'एल' म्हणजे लॉरी, लंडन नव्हे. कोंबडीचा पाय म्हणजे बाण, सरकारी मालाची इंग्रजांची शेकडो वर्षांची जुनी निशाणी. आपल्या लष्कराच्या गाड्यांच्या नंबरांआधी आजही तो उभा बाण असतो. आणि पिवळ्या ठिपक्यातला आकडा? तो गाडीच्या वजनाचा वर्ग. पुलावरही तसाच आकडा लिहिलेला असे. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा असेल तर त्या पुलावर जायचे नाही.

'हा पाचाचा हाय.' मामा आमच्या जंगलातल्या मोऱ्यांना मनातल्या मनात आकडे देत होते. म्हणूनच वीस वर्षांत त्यांची गाडी एकदाही मोरीत गेली नाही.

"आणि तिरकी रेघ, अर्धा तांबडा, अर्धा हिरवा?" मी विचारले.

सुभेदार हसले. "अहो, ते तर रसदवाले. आर्मी सर्व्हिस कोअर. दाणापाणी, पेट्रोल, गोळ्या, सारं पोचवणारे. लढाईत नाव कुणाचं होतं? इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या यशवंत घाडग्यांचं, नामदेव जाधवांचं. आणि ते व्हायलाच पाहिजे. पण त्यांच्या पोटात गेलेली रोटी कुणीतरी मोटारीतून नेलीच असेल ना?"

म्हणजे तो चौकोन मामांच्याच खात्याचा होता. पंचवीस लाखांच्या त्या फौजेत, हजारो मोटारींतून, आमच्या पिंपळाखाली नेमकी रसदवाल्यांची गाडी आली होती. निळ्या रंगाखाली काय आहे ते मामांनाही माहीत नसावे. भाऊबीजेच्या सकाळी माझ्या उलथण्याने ते उघडे पडले, आणि पंधरा वर्षांनी त्यांनी आपली खूण पाहिली. त्यावर ठेवलेला तो तळहात मी अपराध्याचा समजलो होतो.

एवढे कळल्यावर मी लगेच गोंदियाला धाव घेतली असेल, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. मामा गेले होते. आता कुणाला सांगायचे, असे म्हणून मी ते पुस्तक कपाटात ठेवले. खरे कारण लाज हेच. कारकुनाला चूक दुरुस्त करता येते, तांबड्या शाईने खाडाखोड करून सही ठोकता येते. पण ज्या वहीत चूक झाली ती वहीच बंद झाली असेल तर तो काय करणार?

गेल्या दिवाळीत कळले, की मिल विकली गेली, आवारात प्लॉट पडणार. तेव्हा मात्र गेलो. पिंपळ होता. कोंड्याचा डोंगर नव्हता. भिंतीला लागून डिस्पोजलचा सांगाडा होता आणि भंगारवाला तिच्याभोवती फिरून वजनाचा अंदाज घेत होता. मी या वेळी उलथणे नेले नव्हते. बारीक पॉलिशपेपर, पाण्याचा डबा आणि मऊ फडके नेले होते. जुन्या खुणा अशाच उघडायच्या असतात, ओल्या कागदाने, एकेक थर, उन्हाची तिरीप बाजूने घेऊन. बॉनेटवरचा 'एल' आणि बाण मी वाचला. उजव्या मडगार्डावरचा चौकोन गंजला होता, पण रंग ओळखू येत होते.

मग मला सुभेदारांचे वाक्य आठवले: डिव्हिजनचे चित्र दुसऱ्या बाजूला. म्हणजे डाव्या मडगार्डावर! आम्ही १९६१ साली नेमकी चुकीची बाजू खरवडली होती. मी वळसा घालून गेलो. डावा मडगार्ड लोहाराने ठोकलेल्या साध्या पत्र्याचा होता. केव्हातरी गाडी झाडावर घासली असेल, मूळचा गेला असेल. त्यावर काय होते, कोळी, मांजर, कोंबडा की काहीच नाही, हे आता कुणीही सांगू शकत नाही. एवढा मोठा निकाल मी दिला तो अर्धाच पुरावा पाहून.

भंगारवाल्याला वजनाने पैसे देऊन मी उजवा मडगार्ड कापून घेतला आणि रिक्षात घालून ताईकडे गेलो. ताई आता ऐंशी ओलांडून गेलेली. अंगणात तुळशीपाशी बसली होती. मी नाव सांगितले तेव्हा म्हणाली, "दिवाणजीचा पोरगा? ये ना बाप्पा." मी पुस्तक उघडून तिला कोळी दाखवला. दोहाझारी दाखवली. चौकोनाचा अर्थ सांगितला. आणि चौसष्ट वर्षांपूर्वी जे सांगायला हवे होते ते सांगितले, की मामा खरे बोलत होते आणि मी मूर्ख होतो.

ती बराच वेळ मडगार्डावरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, "आमाले काय माईत नव्हतं का रे, बाबा खरे बोलत होते ते? तुले माईत नव्हतं."

"पण तो चौकोन माझी खोड म्हणून शेठजींनी ठेवला होता ना?"

"शेठजीनं? नाई. बाबानंच रंगाऱ्याले सांगितलं, तेवढं राहू दे. दसऱ्याले गाडीची पूजा करत ना, तं हळदकुंकू तिथंच लावत. म्हणत, पोट्ट्यानं सोन्यासारखं काम केलं, पर त्याले ठाऊक नाई."

मला बोलता येईना. ताईने फराळाचे ताट आणले. तिचा पणतू, पाचवीतला, मडगार्डाशी बसून बोटाने आकड्याची राहिलेली अर्धी रेघ गिरवीत होता. ताई त्याला सांगू लागली, दोहाझारी, चिरिंगा, डोक्यावर ओझी नेणारी पलटण, पिवळ्यावर काळा कोळी. शब्द जवळजवळ मामांचेच होते. ती गोष्ट बंद पडली होती ती फक्त आमच्यापुरती.

पोराने ऐकून घेतले आणि मला विचारले, "आजोबा, मग या गाडीवर होता का कोळी?"

मी म्हणालो, "डावी बाजू आम्ही पाहिलीच नाही रे बाळा."